मातीत घडलेली शेवटची फेरी

पांढरा झेंडा फडकतो तेव्हा शर्यतीची एकच फेरी उरलेली असते. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या मेरिडियन स्पीडवेवर ती एक फेरी म्हणजे पाव मैल, जेमतेम चारशे मीटर. २९ सप्टेंबर २०१८ च्या रात्री तिथे स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेच्या के अँड एन प्रो सिरीज वेस्ट या मालिकेची २०८ फेऱ्यांची शर्यत होती. शेवटच्या फेरीला सुरुवात झाली तेव्हा कोल राउझ पुढे होता आणि त्याच्या मागच्या बंपरला जवळजवळ चिकटून १९ क्रमांकाच्या टोयोटात हेली डीगन होती. दोघं एकाच संघाचे, बिल मॅकअनॅली यांच्या. ती सतरा वर्षांची. फेरी संपली तेव्हा ती पुढे होती. १९५४ पासून चालत आलेल्या या मालिकेत एका स्त्रीने शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

बातमी म्हणून एवढं पुरेसं आहे. पण ती फेरी पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते ती विक्रमासाठी नव्हे. तिच्यात एक कसब आहे, आणि ते डांबरावर शिकलेलं नाही. स्टॉक कार म्हणजे सुमारे दीड टन वजनाची, बाहेरून साध्या मोटारीसारखी दिसणारी आणि आतून निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली गाडी. ती छोट्या गोल ट्रॅकवर तासभर पिटाळल्यावर टायरांचा जीव निघून गेलेला असतो. वळणावर मागची बाजू बाहेर सरकू पाहते. ज्याची सगळी तालीम घट्ट पकड देणाऱ्या डांबरावर झाली आहे, त्याचे हात अशा वेळी आखडतात. डीगनला मात्र हे सरकणं ओळखीचं होतं. ज्या पृष्ठभागावर ती वाढली तिथे गाडी शर्यतभर सरकतच असते.

ज्या धक्क्याने तिने राउझला मागे टाकलं त्याकडेही नीट पाहायला हवं. पुढच्या गाडीला मागून हलकेच ढकलायचं, तिने एक ओळ वर सरकावं आणि आपण आतल्या बाजूने निघून जावं, ही छोट्या ट्रॅकवरची जुनी चाल. ऐकायला ती दांडगाई वाटते, पण ती साधणं फार कठीण. वळणात शिरताना ब्रेक लागलेला असतो, वजन पुढच्या चाकांवर गेलेलं असतं आणि मागची चाकं हलकी झालेली असतात. नेमक्या त्या क्षणी बंपर टेकला तर चिमूटभर जोर पुरतो. तो टेकला की लगेच आपला पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलावा लागतो, नाहीतर समोरचा गरगरत फिरतो आणि आपणही त्याच्यात अडकतो. उशीर झाला तर समोरची गाडी वळणातून सावरून निघून गेलेली असते. किती जोर लावायचा आणि तो कधी काढून घ्यायचा, हे अर्ध्या सेकंदात पायाला कळावं लागतं. राउझ वर सरकला, पण शर्यतीतून बाहेर फेकला गेला नाही. त्या रात्रीच्या चालीचा दर्जा मला तिथे दिसतो.

हेली डीगनचा जन्म १८ जुलै २००१ चा, कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावचा. वडील ब्रायन डीगन हे मोटरसायकलवर हवेत कसरती करणारे नावाजलेले खेळाडू. पुढे तेही चारचाकी घेऊन मातीतल्या शर्यतींत उतरले. घरात इंजिनाचा आवाज नवा नव्हता. हेलीने आठवड्याचे शेवट कच्च्या ट्रॅकवर घालवले. हे ट्रॅक डोंगराळ रस्त्यासारखे: उंचवटे, खड्डे, उड्या, डावी-उजवी वळणं, समोरच्या गाडीने उडवलेली माती थेट चेहऱ्यावर. लुकास ऑइल ऑफ रोड मालिकेत २०१६ साली तिने मॉडिफाइड कार्ट वर्गाचं विजेतेपद मिळवलं. त्यानंतर ती स्टॉक कारकडे वळली. वडिलांच्या नावाने दार उघडलं असेल, पैसाही मिळाला असेल. मोटार शर्यतीत त्यावाचून कुणाचंच पान हलत नाही. पण हवेत असताना गाडीचं नाक खाली जातंय की वर, हे पाठीला जाणवून पायाने दुरुस्त करणं, हे काही बापाच्या नावाने येत नाही.

माती शिकवते म्हणजे काय शिकवते? ज्यांनी अमेरिकन डर्ट ट्रॅकवरची शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी जरा सावकाश सांगतो. अर्ध्या मैलाचा अंडाकृती ट्रॅक, चिकणमातीचा, वळणांवर आतून बाहेर चढत गेलेला. दुपारी टँकर येऊन पाणी मारून जातात आणि जड गाड्या फिरवून माती दाबून घेतात. संध्याकाळी पहिल्या फेऱ्यांना माती ओलसर, गडद तपकिरी असते आणि टायर तिच्यात रुततो. मग गाड्या फिरू लागतात. ओल उडत जाते. ज्या पट्ट्यावरून सगळे जातात तो घासून घासून गुळगुळीत होतो, दिव्यांच्या उजेडात काळा चमकू लागतो आणि तिथे पकड उरत नाही. सुटी झालेली माती बाहेर फेकली जाऊन भिंतीच्या कडेला तिचा बांध तयार होतो. त्या बांधाला मागचं चाक टेकवलं तर तो गाडीला आधार देतो. जरा जास्त टेकवलं तर चाक बांध ओलांडून जातं आणि पुढे भिंत असते.

म्हणजे शर्यत सुरू झाली तेव्हाचा ट्रॅक शर्यत संपताना शिल्लक नसतो. पन्नासाव्या फेरीला जी वाट सोन्यासारखी होती ती सत्तराव्या फेरीला दगा देते. चालकाला माती वाचावी लागते, तीही ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरने जाताना आणि समोरच्याची धूळ काचेवर असताना. कुठे रंग गडद आहे, कुठे चमक आली आहे, पुढच्या गाडीचं मागचं चाक कुठे अचानक जोरात फिरलं. आता वाट बदलायची की एक फेरी थांबायचं? या प्रश्नाचं उत्तर पिटमधला माणूस रेडिओवरून पूर्णपणे देऊ शकत नाही. ते सीटमध्ये बसलेल्याच्या अंगाला कळतं.

आणि वळणाचं तंत्र तर डांबराच्या अगदी उलट. सगळी वळणं डावीकडची, तरी पुढची चाकं उजवीकडे वळलेली असतात. वळणात शिरण्याआधीच गाडी मुद्दाम तिरकी फेकायची, मागची बाजू बाहेर काढायची आणि मग तिला स्टिअरिंगने कमी, अ‍ॅक्सिलरेटरने जास्त वळवायचं. पाय थोडा दाबला की मागची बाजू आणखी बाहेर, थोडा सोडला की आत. चालकाच्या डोक्यावर कॅमेरा लावलेला असेल तर हात सतत हलताना दिसतात, पण त्या हालचाली लहान असतात. कच्चा चालक मोठे झटके देतो. मुरलेल्याचे हात जणू गाडीशी बोलत असतात. तोल जाण्याच्या काठावर तासभर राहायचं आणि तोल जाऊ द्यायचा नाही, असा हा खेळ.

आपल्याकडे लाल मातीत घडलेला पैलवान मॅटवर उतरतो तेव्हा काय होतं, हे कुस्ती पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. पाय घसरत नाहीत म्हणून सुरुवातीला अडखळायला होतं, नियम वेगळे, वेग वेगळा. खाशाबा जाधव १९४८ च्या ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना नवी होती आणि ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. मातीने कमावलेली अंगची समज वाया जात नाही, पण तिला नव्या जमिनीवर उतरायला वाव आणि वेळ लागतो. डीगनच्या पुढच्या वाटचालीकडे पाहताना हे ध्यानात ठेवलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

स्टॉक कार शर्यतीचा जन्मही मातीतलाच. १९ जून १९४९ ला शार्लटच्या पाऊण मैलाच्या कच्च्या ट्रॅकवर नॅस्कारच्या मुख्य मालिकेची पहिली शर्यत झाली, आणि तिच्यात सारा क्रिस्चन नावाची स्त्री होती. ती चौदावी आली. त्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या हायडेलबर्गच्या मातीवर तिने पाचवा क्रमांक मिळवला. मुख्य मालिकेत पहिल्या पाचांत येणारी ती आजवरची एकमेव स्त्री. दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलची लुईस स्मिथही त्याच काळातली आणि त्याच मातीतली. पुढे पैसा आला, दूरचित्रवाणी आली, डांबरी महाट्रॅक आले. ३० सप्टेंबर १९७० ला रॅली शहरात रिचर्ड पेटीने जिंकलेल्या शर्यतीनंतर मुख्य मालिकेने माती सोडली ती २०२१ पर्यंत. मधली पन्नास वर्षं मातीतली शिकवण खालच्या थरांत, शनिवारच्या रात्रीच्या छोट्या ट्रॅकांवर जिवंत राहिली. टोनी स्टुअर्ट, काइल लार्सन असे थोर चालक तिथूनच वर आले.

के अँड एन वेस्ट मालिकेतल्या डीगनच्या तीन विजयांपैकी दुसरा म्हणूनच मला सर्वांत मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २०१९, लास वेगासचा अर्ध्या मैलाचा कच्चा ट्रॅक, शंभर फेऱ्या. डांबरासाठी बनलेल्या जड गाड्या मातीवर आणलेल्या. आघाडीवर शेल्डन क्रीड होता. तोही कॅलिफोर्नियाचा, तोही ऑफ रोडच्या मातीतून आलेला आणि अनुभवाने तिच्या पुढे. शेवटच्या फेरीपर्यंत डीगन त्याच्या मागे होती, आणि शेवटच्या फेरीत ती पुढे गेली.

शेवटची फेरी पाहून टाळ्या वाजवणं सोपं. त्याआधीच्या नव्व्याण्णव फेऱ्यांत गुंतलेली शिस्त पाहायला सराव लागतो. मातीवर आघाडीच्या गाडीला चिकटून राहणं हेच मुळात अवघड, कारण तिने उडवलेली माती काचेवर बसते आणि तिची वाट सतत बदलत असते. टायर आधीच जाळून टाकले तर शेवटी काही उरत नाही. फार जपून चालवलं तर समोरचा नजरेआड होतो. या दोन्हींच्या मधली चिंचोळी जागा धरून शंभर फेऱ्या काढायच्या, आणि आघाडीवाल्याचं काहीही कमी-जास्त झालं तर त्या क्षणी आपण एका गाडीच्या अंतरावर असायचं. वयाच्या सतराव्या वर्षी एवढा धीर क्वचित दिसतो. तरुण चालकांचा घात बहुतेक वेळा विसाव्या फेरीलाच होतो, कारण त्यांना जिंकण्याची घाई झालेली असते.

तिसरा विजय जून २०१९ चा, कोलोरॅडो नॅशनल स्पीडवेवरचा. ट्रॅक डांबरी आणि छोटा, समोर पुन्हा स्वतःच्याच संघातला साथी डेरेक क्राउस, फेरी पुन्हा शेवटची आणि पुन्हा धक्का. पण हा धक्का मेरिडियनसारखा नव्हता. इथे जोर जास्त होता आणि क्राउसच्या हातातून शर्यत हिरावली गेली. संघसाथी नाराज, प्रेक्षकांत दोन तट. माझं मत स्पष्ट आहे: निकाल तोच असला तरी ही चाल मेरिडियनच्या तोडीची नाही. तिथे पाय वेळेवर उचलला गेला होता, इथे उशीर झाला. नियमांत ते बसतं, छोट्या ट्रॅकच्या परंपरेतही बसतं. पण रसिकाने नियमाच्या पुढे जाऊन हात किती नेमका पडला हे पाहायला हवं, आणि त्या कसोटीवर कोलोरॅडो उणा पडतो.

तीन विजय, तिन्ही शेवटच्या फेरीतले. एकदा घडलं तर योग म्हणता येईल. तीनदा घडलं, तेव्हा त्यामागे स्वभाव आहे. आधी आघाडी घेऊन ती राखणारे चालक वेगळे. डीगन मागून येते, समोरच्याची कुठली बाजू कमजोर होत चालली आहे ते पाहत राहते आणि सर्वांत उशिरा डाव टाकते. ट्रॅक बदलत जाणार हे ज्याला मातीने शिकवलं आहे, त्यालाच शेवटपर्यंत थांबण्याची हिंमत होते.

याचा आणखी एक पुरावा जून २०२१ मध्ये आयोवा राज्यातल्या नॉक्सव्हिलला मिळाला. एसआरएक्स नावाची नवी मालिका होती. सर्वांना एकसारख्या गाड्या, त्यामुळे ज्याचा संघ श्रीमंत त्याची गाडी जलद, हा प्रकार नाही. मालिकेत बिल एलियट, बॉबी लाबाँटी असे नॅस्कारचे माजी विजेते. आणि ट्रॅक अर्ध्या मैलाचा, काळ्या मातीचा, अमेरिकेत पवित्र मानला जाणारा. टोनी स्टुअर्ट जिंकला. तो तीनदा नॅस्कार विजेता आणि मातीवरचा आपल्या पिढीतला अव्वल माणूस. त्याच्या मागोमाग दुसरी आली ती डीगन. गाडी सारखी आणि खाली माती असली की ती कुठे उभी राहते, हे त्या रात्री कुणालाही विचारायला नको होतं.

इथवरची कहाणी चढती आहे. पुढची तशी नाही, आणि ती टाळून रसग्रहण पूर्ण होणार नाही. २०२० मध्ये ती फोर्डकडे गेली आणि एआरसीए या स्टॉक कार मालिकेत पूर्ण हंगाम खेळून तिसरी आली. हंगामाच्या सुरुवातीलाच डेटोनाच्या अडीच मैलांच्या महाट्रॅकवर तिने दुसरा क्रमांक घेतला होता. २०२१ ते २०२३ अशी तीन वर्षं ती नॅस्कारच्या ट्रक मालिकेत पूर्ण वेळ होती. लोकप्रियतेचा मान पहिल्याच वर्षी मिळाला. शर्यत मात्र एकही जिंकता आली नाही, सहाव्या क्रमांकाच्या वर जाता आलं नाही. २०२४ मध्ये ती एक पायरी वर, एक्सफिनिटी मालिकेत गेली आणि हंगाम अर्ध्यावर असतानाच संघ आणि ती वेगळे झाले. २०२५ मध्ये ती उघड्या चाकांच्या गाड्यांकडे, इंडी एनएक्सटी मालिकेकडे वळली.

‘मोठ्या मैदानात टिकली नाही’ असं म्हणून हा विषय संपवणारे पुष्कळ आहेत. मला ते निदान उथळ वाटतं. दीड मैलाच्या डांबरी ट्रॅकवर शर्यत बहुतांशी हवेची असते. ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाला गाडीला जमिनीला दाबून धरणारी गोष्ट म्हणजे वारा. पुढच्या गाडीच्या मागे गेलात की तो वारा फाटलेला मिळतो, पुढची चाकं पकड सोडतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. चालक याला ‘टाइट’ म्हणतात. मागची बाजू सरकते तेव्हा ती ‘लूज’. डीगन आयुष्यभर लूज गाडीत वाढली. टाइट गाडीवर मातीतलं उलटं स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचं नाजूक नियंत्रण फारसं कामी येत नाही. तिथे निकाल ठरवतात पवनबोगद्यातली चाचणी, सिम्युलेटरवरचे तास आणि संघाची तिजोरी. चालकाचा वाटा उरतोच, पण तो वेगळ्या जातीचा. स्टुअर्ट आणि लार्सन यांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या. डीगनला दुसरी भाषा, निदान आजवर, तितकी वश झालेली नाही. हा तिच्यातला उणेपणा आहे, आणि तो मान्य करूनच तिच्या पहिल्या भाषेतलं प्रभुत्व मान्य करायला हवं.

डेटोनाचा तो दुसरा क्रमांक या म्हणण्याला छेद देतो का? थोडासा देतो. महाट्रॅकवर सगळ्या गाड्या थव्याने धावतात, कुणाच्या मागे राहायचं आणि कधी बाहेर पडायचं यावर निकाल ठरतो. तिथेही धीर लागतो. हात नवे असले तरी डोकं मातीतलंच होतं, असं मी म्हणेन.

ती स्त्री आहे म्हणून काय बदललं? गाडीला ते कळत नाही, पण गाडीभोवतीच्या जगाला कळतं. शॉना रॉबिन्सनने १९८८ मध्ये अ‍ॅशव्हिलला नॅस्कारच्या डॅश मालिकेत पहिला विजय मिळवला, आणि तरी पुढे तिला चांगल्या गाड्या क्वचित मिळाल्या. डीगनच्या वाट्याला उलट अडचण आली. प्रायोजक भरपूर, कॅमेरे भरपूर, त्यामुळे शिकण्याची वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गेली. विसाव्या वर्षी मुलग्यांनी केलेली जी घोडचूक दुसऱ्या दिवशी विसरली जाते, तीच तिच्या नावाने आठवडाभर दाखवली गेली. तिच्या शर्यतींबद्दल बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी शर्यतीच पाहिलेल्या नसतात. कौतुक करणारे पाहत नाहीत आणि नाक मुरडणारेही पाहत नाहीत. अशा वेळी जाणत्या प्रेक्षकाचं काम आणखी महत्त्वाचं होतं.

म्हणून वाचकांना एवढंच सुचवतो. तिन्ही शर्यतींची दृश्यं सहज मिळतात. आधी लास वेगासची पाहा, आणि शेवटच्या फेरीकडे घाईने जाऊ नका. मधल्या तीस-चाळीस फेऱ्यांत १९ क्रमांकाची गाडी आपली वाट कधी वर नेते, कधी खाली आणते, हे पाहत राहा. मग मेरिडियन पाहा. तिथे खाली डांबर असलं तरी गाडीची मागची बाजू सुटते तेव्हा ती किती शांत राहते, त्याकडे लक्ष द्या. कोलोरॅडो शेवटी पाहा, म्हणजे दोन धक्क्यांतला फरक आपोआप दिसेल. नंतरच्या वर्षांतले निकाल काहीही असोत, सतराव्या वर्षी मिळवलेल्या पहिल्या दोन विजयांतल्या तिच्या शेवटच्या फेऱ्या स्टॉक कार शर्यतीच्या उत्तम कामगिरीत मोजल्या गेल्या पाहिजेत.